शाई कलावंताच्या डोक्यावर की आपल्या हातात?

कोरियात जन्मलेले कलावंत नाम जून पाइक यांनी १९६२ मध्ये जर्मनीतल्या वीसबाडेनला शाई आणि टोमॅटोच्या रसात डोकं बुडवलं आणि जमिनीवर अंथरलेल्या लांब कागदावरून ते ओढत नेलं. केसांचे ओरखडे, मधेच पुसट होत गेलेला पट्टा. अख्खं शरीरच कुंचला झालं! प्रेक्षकांनी मात्र फक्त पाहायचं.

चिनी कलावंत शू बिंग यांनी १९९०च्या दशकात कलादालनात चक्क वर्ग मांडला: बाकं, कुंचले, शाई, कित्ते. येणाऱ्याने बसून गिरवायचं. दिसायला चिनी अक्षर, पण नीट पाहिलं तर चौकोनात रचलेली रोमन अक्षरं, म्हणजे इंग्रजी शब्द. हे उमगतं ते गिरवता गिरवताच.

पाइक यांचा प्रयोग जास्त थरारक, हे कबूल. तरी मला वर्गच जवळचा वाटतो. शाई खोडता येत नाही, आणि तिथे थरथरलेली रेघ प्रेक्षकाची स्वतःची असते.