औषधांचा २८ कप्प्यांचा डबा : भरताना डोळ्यांत तेल हवे

आठवड्याचे सात दिवस आणि प्रत्येक दिवसाच्या सकाळ, दुपार, संध्याकाळ व रात्र अशा चार वेळा, म्हणजे एकूण २८ कप्पे असलेला प्लॅस्टिकचा डबा आमच्या घरी ज्येष्ठांच्या गोळ्यांसाठी वापरात आहे. सात कप्प्यांचे साधे डबेही मिळतात. पण ज्यांना दिवसातून अनेकदा औषध घ्यावे लागते, त्यांच्या ते फारसे कामाचे नाहीत.

या डब्याचा खरा उपयोग एकच, पण मोलाचा आहे. गोळी घेतली की राहिली, या शंकेचे उत्तर कप्पा पाहताच मिळते. एरवी शंकेपोटी तीच गोळी पुन्हा घेतली जाते, आणि ती मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

एका दिवसाची पट्टी चौकटीतून सुटी काढून सोबत नेता येते, ही सोय उत्तम आहे. झाकणांबद्दल मात्र तक्रार आहे. संधिवाताने आखडलेल्या बोटांना झाकणाची कड उचलणे जड जाते, आणि जोर लावला की ते एकदम उघडून अर्धी केलेली गोळी जमिनीवर उडते. वारांची छापील अक्षरेही पुसली जातात, त्यामुळे उठावाची अक्षरे असलेला डबा निवडणे बरे. शिवाय ही झाकणे लहान मुलेही उघडू शकतात, म्हणून डबा त्यांच्या हाती लागणार नाही अशा बंद कपाटातच ठेवावा लागतो.

जपायचे आहे ते डबा भरताना. आमवातासाठी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती हाताच्या सवयीने सातही दिवसांच्या कप्प्यांत पडली, तर अस्थिमज्जेला इजा होऊन जिवावर बेतू शकते. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत व तिच्यात चार तासांचे अंतर राखायचे असते. डब्यात मात्र ‘सकाळ’ हा एकच कप्पा आहे. आम्ही कॅल्शियम डॉक्टरांना विचारून रात्रीच्या कप्प्यात हलवले, पण ही अडचण डबा बनवणाऱ्याला सुचायला हवी होती, असे वाटते.

काही औषधे या डब्यात ठेवूच नयेत. रक्त पातळ करणारी डबिगॅट्रानची कॅप्सूल दमट हवेने बिघडते, म्हणून ती मूळ वेष्टनातच राहू द्यावी. छातीत दुखू लागल्यास जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी तिच्या काचेच्या बाटलीतच ठेवावी. गोळी वेष्टनातच राहावी म्हणून स्ट्रिपचे कात्रीने तुकडे करून ते कप्प्यात टाकणे तर सर्वांत वाईट, कारण वेष्टनासकट गोळी गिळली गेल्यास त्याच्या धारदार कडांनी अन्ननलिकेला जखम होऊ शकते. एखादे औषध डब्यात चालेल की नाही, हे फार्मासिस्टला विचारून घ्यावे.

गोळी कप्प्यात गेली की तिचे नाव, मात्रा आणि मुदत डोळ्यांआड होते, म्हणून रिकाम्या झालेल्या स्ट्रिपाही डबा संपेपर्यंत टाकू नयेत. आठवड्याच्या मध्येच डॉक्टरांनी मात्रा बदलली, तर त्या स्ट्रिपांशी ताडून उरलेले सगळे कप्पे पुन्हा लावावे लागतात, आणि हे काम किचकट आहे.

स्वतःच्या हाताने वेळेवर गोळ्या घेणाऱ्यांसाठी मी हा डबा जरूर सुचवेन. ज्यांना आज कोणता वार आहे हेच आठवत नाही, त्यांच्यासाठी तो पुरेसा नाही. त्यांना प्रत्येक वेळी गोळी हातावर ठेवणारे माणूस किंवा ठरल्या वेळीच उघडणारे कुलूपबंद यंत्र लागेल.