ऑफ-रोड पिकअप आणि वजनाचा हिशेब: टीआरएक्स, रॅप्टर, ग्लॅडिएटर की साधी रेंजर?

रॅम 1500 टीआरएक्सच्या (2021 ते 2024) माहितीपत्रकात ओढायची क्षमता दिली आहे 8,100 पाउंड, म्हणजे 3,674 किलो. पेलोड, म्हणजे गाडी स्वतःवर पेलू शकते ते वजन, 1,310 पाउंड, म्हणजे 594 किलो. दोन्ही आकडे वेगवेगळे वाचले तर ठीक वाटतात. एकत्र वापरायला गेलं की गंमत कळते. ट्रेलर पूर्ण 3,674 किलोचा घेतला, तर त्याचं किमान 10 टक्के वजन गाडीच्या हिचवर (ट्रेलर जोडायच्या मागच्या जागेवर) टेकलेलं असावं लागतं, नाहीतर वेग घेतल्यावर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. हे 367 किलो पेलोडमधूनच जातात. उरले 227. पंच्याहत्तर किलोची तीन माणसं बसली की खेळ संपला, हौद्यात पाण्याचा एक कॅनसुद्धा ठेवायचा नाही. हिचवरचं वजन 12 टक्के धरलं तर फक्त 153 किलो उरतात, म्हणजे दोनच माणसं. 702 अश्वशक्तीचं इंजिन या वजाबाकीत काहीच मदत करत नाही.

ऑफ-रोड पिकअप घेताना सगळ्यांची नजर ओढायच्या आकड्यावर असते, कारण जाहिरातीत तोच मोठ्या अक्षरात असतो. प्रत्यक्षात आधी संपतो तो पेलोड. म्हणून या गाड्या पेलोडच्या बाजूनेच तपासायला हव्यात.

आधी तीन मर्यादा. जीव्हीएम म्हणजे गाडी, माणसं, सामान आणि हिचवरचं वजन मिळून जास्तीत जास्त किती. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की पेलोड. जीसीएम म्हणजे गाडी आणि ट्रेलर दोन्ही मिळून किती. आणि प्रत्येक एक्सलची स्वतःची वेगळी मर्यादा. ‘3,500 किलो ओढते’ असं म्हणणाऱ्या गाडीचा जीव्हीएम समजा 3,050 आहे आणि जीसीएम 5,850. बेरीज 6,550 होते, म्हणजे 700 किलो जास्त. अर्थ साधा आहे: पूर्ण ट्रेलर ओढायचा तर गाडी 2,350 किलोच्या वर जाता कामा नये, आणि डबल कॅब पिकअप रिकामीच 2,100-2,200 किलोची असते. गाडी पूर्ण भरायची तर ट्रेलर 2,800 पर्यंत. जीसीएमचा आकडा माहितीपत्रकात नसेल तर मॅन्युअलमध्ये शोधा. विकणाऱ्याला तोंडी विचारून उपयोग नाही, बरेचदा त्यालाही माहीत नसतो.

गाडीचं स्वतःचं वजन कसं मोजलंय तेही बघावं. युरोपच्या पद्धतीत 75 किलोचा ड्रायव्हर आणि जवळजवळ भरलेली टाकी धरलेली असते. ऑस्ट्रेलियात ‘टेअर’ वजनात फक्त 10 लिटर इंधन धरतात. अमेरिकेत दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ‘माणसं आणि सामान मिळून इतकंच’ असा आकडा असतो, त्यात ड्रायव्हरही आला. 80 लिटर डिझेल म्हणजे साधारण 67 किलो, त्यामुळे दोन देशांतले पेलोड थेट शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

आता ऑफ-रोड आवृत्त्या कमी का पेलतात ते रेंजरमध्ये स्वच्छ दिसतं. 2022 ला आलेल्या पिढीची साधी फोर-बाय-फोर फोर्ड रेंजर ब्रेक असलेला 3,500 किलोचा ट्रेलर ओढते आणि पेलोड एक टनाच्या आसपास असतो. तिचीच बहीण रेंजर रॅप्टर 2,500 किलोवर थांबते, पेलोड बाजारपेठेनुसार 600 ते 700 किलोच्या घरात. इंजिन रॅप्टरचं जास्त ताकदवान, तरीही. फरक मागच्या बाजूला आहे. साध्या रेंजरला कमान-पाटे आहेत, रॅप्टरला कॉइल स्प्रिंग, वॉट्स लिंक (एक्सल आडवा सरकू न देणारी जोडणी) आणि फॉक्सचे 2.5 इंची शॉक ॲब्सॉर्बर. खडबडीत रस्त्यावर वेगात जायचं तर चाकाला वर-खाली लांब हालचाल हवी आणि स्प्रिंग मऊ हवी. वजन पेलायचं तर नेमकं उलट. शिवाय रुंद ट्रॅक, जाड पत्र्याची खालची संरक्षक कवचं, मोठी टायरं, सगळं गाडीच्या स्वतःच्या वजनात जातं. रॅप्टर वाईट गाडी अजिबात नाही. दगडगोट्यांच्या वाटेवर ऐंशीच्या वेगाने ती जे करते ते पाट्यांची गाडी करूच शकत नाही. पण मागे कॅरव्हॅन लावून फिरायचा बेत असेल तर ही निवड चुकीची.

मोठ्या अमेरिकन गाड्यांतही हेच. 2021 ची साधी फोर्ड एफ-150 योग्य इंजिन आणि पॅकेज घेतलं तर 14,000 पाउंड (6,350 किलो) ओढते. त्याच पिढीची रॅप्टर 8,200 पाउंड (3,719 किलो), पेलोड 1,400 पाउंड (635 किलो). 2020 च्या जीप ग्लॅडिएटरचा 7,650 पाउंडाचा जाहिरातीतला आकडा स्पोर्टच्या खास टोइंग पॅकेजचा. रुबिकॉन 7,000 वर येते, वाळवंटासाठी बनवलेली मोहावी 6,000 वर. शेव्हरले कोलोराडो 7,700 पाउंड ओढते, तिची झेडआर2 आवृत्ती 6,000. तेव्हा मॉडेलच्या नावापुढचा आकडा वाचायचा नाही, आपल्या आवृत्तीचा वाचायचा. रुबिकॉनबद्दल एक चांगली गोष्ट सांगायलाच हवी: 4.10 चा एक्सल रेशो (चाक एकदा फिरायला शाफ्ट किती वेळा फिरतो) आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचा) 4:1 लो गिअर यामुळे कमी वेगात चढावर छोटा ट्रेलर ओढताना ती फार शांत असते, गिअरबॉक्स तापत नाही.

अमेरिकेत हे आकडे एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे2807 या चाचणीवर बेततात. टोयोटाने 2011 च्या टुंड्रापासून ती आधी स्वीकारली, बाकीचे मागून आले. ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा 18 किलोमीटरचा चढ, 38 अंश उष्णता, एसी पूर्ण चालू, वेग ताशी 64 किलोमीटरच्या खाली येता कामा नये. चाचणी कडक आहे, पण ती डांबरी रस्त्यावरची, आणि गाडीत माणसं धरली आहेत दोन, प्रत्येकी 68 किलोची. मऊ वाळूत तोच ट्रेलर कितीतरी जास्त जोर मागतो, कारण टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) लॉक होत नाही आणि गिअरबॉक्सचं तेल तापतं. तेल 120 अंशांच्या वर राहायला लागलं की त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. लो रेंज, म्हणजे ट्रान्सफर केसचा लो गिअर, लावावी, आणि वाळूत नेहमी जायचं असेल तर लिहिलेल्या क्षमतेच्या साठ-सत्तर टक्क्यांवर थांबावं. हा नियम नाही, आमचं मत आहे.

पेलोड खातात त्या मात्र वेगळ्याच गोष्टी. समजा 950 किलो पेलोडची गाडी आहे. पुढचा पोलादी बुल बार 60, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) 35, खालची कवचं 30, बाजूचे स्लायडर 40. हौद्यावरची कॅनोपी 70, त्यातले ड्रॉवर 60, दुसरी बॅटरी वायरिंगसकट 35, भरलेला फ्रिज 40. छतावर रॅक आणि तंबू 90, पाणी 60 लिटर, रिकव्हरीचं सामान 15, दुसरी स्टेपनी 35. झाले 570 किलो, आणि अजून कपड्यांची बॅग आलेली नाही. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं धरून 220. एकूण 790, शिल्लक 160. म्हणजे फार तर 1,600 किलोचा ट्रेलर, जरी माहितीपत्रक 3,500 म्हणत असलं तरी. हीच यादी 700 किलो पेलोडच्या रॅप्टरवर चढवली तर ट्रेलर न जोडताच 90 किलो जास्त. वजन वाचवायची जागा आहे: लीडऐवजी 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी घेतली तर पंधराएक किलो सुटतात, विंचला तारेऐवजी सिंथेटिक दोर घेतला की आणखी काही. छतावरचा आकडा वेगळा तपासा, रॅक बनवणारे कच्च्या रस्त्यासाठी डांबरी रस्त्यापेक्षा कमी मर्यादा देतात.

मग वजन कुठे बसतं हा प्रश्न, आणि गाड्या मोडतात त्या इथेच. व्हीलबेस 3.1 मीटर आणि हिचचा गोळा मागच्या एक्सलच्या 1.24 मीटर मागे आहे असं धरा. गोळ्यावर 250 किलो टेकवले की मागच्या एक्सलवर 250 नाही, 350 किलो वाढतात, आणि पुढच्या एक्सलवरून 100 किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं पडतं, ब्रेक मारताना पुढची चाकं कमी धरतात. गाडीचं एकूण वजन मर्यादेत असून मागचा एक्सल बाहेर गेलेला असू शकतो. याच्यावर लोक उपाय करतात स्प्रिंगमध्ये हवेच्या पिशव्या टाकायचा. मागची बाजू वर येते, गाडी सरळ दिसते, समाधान वाटतं. पण पाट्यांच्या गाडीत वजन चेसिसवर पाट्याच्या दोन टोकांना उतरतं. पिशवी लावली की ते मधल्या एकाच जागी उतरतं. मागे लटकलेला ट्रेलर आणि भरलेला हौदा, वर खड्ड्यातला एक जोरदार आपटा, आणि चेसिस कॅब व हौद्याच्या मध्ये वाकते. पिशवीने मर्यादा एक किलोनेही वाढत नाही. वजन वाटून देणाऱ्या हिचच्या बाबतीतही सावध राहावं, डांबरी रस्त्यावर ती उत्तम, पण खोल ओढा-नाला उतरताना तिच्या दांड्या चेसिसला पिळतात, म्हणून कच्च्यावर जायच्या आधी त्या काढायच्या.

टायरवरचा लोड इंडेक्स 112 म्हणजे एका टायरला 1,120 किलो, 121 म्हणजे 1,450. एलटी (लाइट ट्रक) टायरचा हा आकडा पूर्ण हवेवरचा असतो, 35 पीएसआयवर तो बराच खाली येतो, आणि वाळूत 18 वर आणलीत तर त्याहून खाली. हवा कमी असताना वेगही कमीच ठेवायचा. 31 इंची टायर काढून 35 इंची लावले की 3.73 चा एक्सल रेशो प्रत्यक्षात 3.30 सारखा वागतो. ओढायची ताकद तेवढी गेली, ब्रेकवरचा ताण तेवढा वाढला.

गाडी घेतल्यावर, ट्रेलर ठरवायच्या आधी, एकदा वजनकाट्यावर न्यावी. टाकी पूर्ण, माणसं आत, प्रवासाचं सामान भरलेलं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. मागचा एक्सल वजाबाकीने निघतो. नंतर ट्रेलर जोडून पुन्हा तसंच, मग जोडलेला असतानाच फक्त ट्रेलरची चाकं, शेवटी ट्रेलर सुटा करून. ट्रेलर सुटा करून घेतलेल्या वजनातून जोडलेल्या स्थितीतलं त्याच्या चाकांवरचं वजन वजा केलं की हिचवरचं वजन मिळतं. ते 10 टक्क्यांच्या खाली असेल तर ट्रेलरमधलं सामान पुढे सरकवा, हिचच्या मर्यादेच्या वर असेल तर मागे.

निवडीचं म्हणाल तर 1,500 किलोपर्यंतचा कॅम्पर आणि दोन माणसं, एवढाच संसार असेल तर रेंजर रॅप्टर बिनधास्त घ्या. कुटुंब, कॅनोपी आणि अडीच टनांचा कॅरव्हॅन असेल तर साधी पाट्यांची रेंजर, चांगली टायरं आणि मागचा डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा). टीआरएक्स किंवा एफ-150 रॅप्टर कामासाठी घेऊ नयेत, त्या मजेच्या गाड्या आहेत आणि त्यात कमालीच्या चांगल्या आहेत. जीव्हीएम वाढवून घेण्याचं किट कुणी सुचवलं तर जीसीएम वाढतो का ते विचारा. बहुतेक वेळा वाढत नाही, म्हणजे हौद्यात चढवलेला प्रत्येक किलो ट्रेलरमधून कमी करावा लागतो.

जुनी गाडी बघत असाल तर कॅब आणि हौद्यामधली फट दोन्ही बाजूंना वर आणि खाली मोजा. वर रुंद, खाली अरुंद असेल तर चेसिस मध्ये वाकलेली असू शकते. मग खाली झोपून बंप स्टॉपच्या (एक्सल वर आपटू नये म्हणून लावलेल्या रबराच्या) वरची चेसिसची रेल टॉर्च लावून बघा: रंग उडालेला, बारीक सुरकुत्या पडलेल्या किंवा नंतर वेल्डिंग केल्याची खूण दिसली तर किमतीची घासाघीस करत बसू नका, गाडी सोडून द्या.