'टायगर' एनर्जी ड्रिंक: 250 मिलिलिटर आणि 48 विजय

हा डबा मी पहिल्यांदा घेतला तो रात्रपाळीत ऑफिसचं कॉफी मशीन बंद पडलं म्हणून. नावाशी तेव्हा काही देणंघेणं नव्हतं. काउंटरवरच्या बाईंनी ओळखपत्र मागितलं. माझं वय 34. इथे पोलंडमध्ये 1 जानेवारी 2024 पासून अठराच्या आतल्या मुलांना एनर्जी ड्रिंक विकायला बंदी आहे, म्हणून शंका आली की विचारतात. मी इतकी खूश झाले की त्या आनंदाचा अर्धा गुण खालच्या मार्कांत धरलाय, हे आधीच सांगून टाकते.

चवीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आंबटगोड, गार असेल तरच प्यावं, आणि निम्मं झाल्यावर डबा टेबलावर विसरू नये, कारण बुडबुडे गेले की उरतो तो पाक. बिनसाखरेचाही मिळतो, मी आता तोच घेते. कॅफिन शंभर मिलिलिटरला 32 मिलिग्रॅम, म्हणजे एका डब्यात 80. रात्री दोन वाजता प्यायले की अर्ध्या तासात डोळे उघडतात आणि साडेचारला खांदे पडतात. झोप मात्र दुपारपर्यंत फिरकत नाही.

खरी गोष्ट कळली ती जिममध्ये. इथे ग्दान्स्कला मी आठवड्यातून दोनदा बॉक्सिंगला जाते, वजनासाठी सुरू केलं आणि अडकले. एकदा बॅगेतून हा डबा बाहेर पडला. आमचे ट्रेनर साठीचे, फारसं न बोलणारे. त्यांनी डबा उचलला, फिरवून बघितला आणि म्हणाले, "दारेक हे पिऊन लढला असता तर चौथ्या राउंडला संपला असता."

दारेक म्हणजे बॉक्सर दारियुश मिहालचेफ्स्की, ज्याच्या 'टायगर' या टोपणनावावरून या पेयाचं नाव पडलं. जन्म याच शहरातला, 1968 चा. पोलिश भाषेत वाघाला 'तिग्रिस' म्हणतात, पण हा इंग्रजीतला 'टायगर' झाला, कारण नाव झालं ते जर्मनीत. 1988 मध्ये पोलंडच्या संघाबरोबर पश्चिम जर्मनीला गेला आणि परतलाच नाही. 1991 ला जर्मनीसाठी युरोपियन अजिंक्यपद जिंकलं, त्याच वर्षी व्यावसायिक झाला. सप्टेंबर 1994 मध्ये हॅम्बुर्गला लिओन्झर बार्बरला हरवून डब्ल्यूबीओ या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा लाइट हेवीवेट विजेतेपदाचा पट्टा घेतला, म्हणजे 175 पौंडांचा वजनगट. तो पट्टा त्याने नऊ वर्षं सोडला नाही. 23 वेळा राखला.

"तो पळून गेला याचा राग नव्हता आला तुम्हाला?" मी विचारलं.

"आला होता. मग त्याचा जॅब बघितला." जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा.

त्या रात्री मी डबा उघडून त्याच्या जर्मनीतल्या ओबरहाउझेनच्या लढतीचा व्हिडिओ लावला. 13 जून 1997, समोर अमेरिकेचा व्हर्जिल हिल. या हिलने काही महिन्यांपूर्वीच जर्मनांच्या लाडक्या हेन्री मास्केला त्याच्या निरोपाच्या लढतीत हरवलं होतं, तेव्हा डब्ल्यूबीए आणि आयबीएफ या आणखी दोन संघटनांचे पट्टे त्याच्याकडे होते. हिलचा जॅब सुरेख, पाय हलके. टायगर मात्र दोन्ही हात उंच धरून नुसता पुढे येत राहतो. डावा, पुन्हा डावा, आणि मग वाटलं तर उजवा. डोळे दिपतील असं त्यात फारसं काही नाही. पण काही राउंड गेले की लक्षात येतं, हिलला हवी ती जागाच उरलेली नाही. बारा राउंड, तिन्ही पंच टायगरच्या बाजूने. बाकीचे दोन पट्टे पुढे संघटनांच्या राजकारणात लवकरच हातून गेले, तो भाग कंटाळवाणा आहे.

आमचे ट्रेनर म्हणतात, "दार दोनदा ठोठवायचं. उघडलं तर आत जायचं, नाही तर पुन्हा ठोठवायचं." डब्यावर जे झटका, तुफान, पंजा वगैरे चाललेलं असतं, त्याच्याशी या माणसाचं काही जुळत नाही. माझा आक्षेप एवढाच, पण तो मोठा आहे.

त्याच्या खात्यात डाग नाहीत असं नाही. 1996 ची जर्मन बॉक्सर ग्रात्सियानो रॉकिजानीशी हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउली स्टेडियमवरची लढत रॉकिजानीला अपात्र ठरवून संपली, आणि वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. 2000 मध्ये हानोव्हरला पुन्हा भिडले, तेव्हा नवव्या राउंडनंतर रॉकिजानी उठला नाही. त्याच वजनगटातल्या अमेरिकन विजेत्या रॉय जोन्सशी लढत कधी झालीच नाही. एक अमेरिका सोडेना, दुसरा जर्मनी. मला यात दोघांचाही राग येतो.

ऑक्टोबर 2003 मध्ये तो 48 विजय आणि शून्य पराभवांवर होता. आणखी एक जिंकला असता तर एकही लढत न हरता निवृत्त झालेल्या हेवीवेट विजेत्या रॉकी मार्सियानोच्या 49 विजयांची बरोबरी. हॅम्बुर्गलाच, घरच्या प्रेक्षकांसमोर, मेक्सिकोच्या हुलिओ सेसार गोन्सालेसने त्याला हरवलं, तेही पंचांचं एकमत न झालेल्या निकालात. 2005 ला परतला आणि फ्रान्सच्या फाब्रिस तियोझोकडून सहाव्या राउंडला थांबवला गेला. अखेरचा हिशेब 48-2, त्यातले 38 नॉकआउट.

पोलंडमध्ये हे पेय आलं ते साधारण त्या पहिल्या पराभवाच्या सुमारास. आधी फूडकेअर कंपनीकडे नाव होतं. 2010 मध्ये नावाचा परवाना मास्पेक्स या दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. वाघ हातचा गेल्यावर फूडकेअरने 'ब्लॅक' नावाचं पेय काढलं आणि त्याच्या जाहिरातीला थेट माइक टायसनला आणलं. एका बॉक्सरच्या जागी दुसरा बॉक्सर! झटकाच विकायचा असेल तर टायसन जास्त शोभतो, हे मात्र मान्य करायला हवं.

मार्क: पाचपैकी तीन, ओळखपत्राचा अर्धा धरून साडेतीन. रात्रपाळीवाल्यांनी एक घ्यावा, दोन नकोत. व्यायामाआधी तर नकोच. मी एकदा घेऊन गेले आणि तिसऱ्या राउंडला भिंतीला टेकून बसले. ट्रेनर काही बोलले नाहीत, नुसती डाव्या हाताची दोन बोटं दाखवली. दोन जॅब राहिले होते.

रिकामा डबा फेकू नका. ऑक्टोबर 2025 पासून अनामतीची पद्धत आली आहे, डब्यावर खूण असेल तर दुकानात परत दिल्यावर 50 ग्रोशी, म्हणजे अर्धा झ्लॉटी, मिळतात.