इंटरसिटी १२५ बघायचीये, पण दिवस एकच आहे : यॉर्क-शिल्डन, हेरिटेज लाइन की पर्थ?

ब्रिटनला चाललाय, रेल्वेचं वेड आहे आणि घरच्यांनी अख्ख्या ट्रिपमधला एक दिवस तुमच्यासाठी मोकळा सोडलाय, तर एचएसटी म्हणजे इंटरसिटी १२५, ब्रिटनची ती जुनी वेगवान डिझेल गाडी, बघायला कुठं जायचं? तीन पर्याय आहेत आणि तिन्हीकडं मिळतं ते वेगवेगळं. म्युझियममध्ये ती उभी असते, हवी तेवढी जवळून बघा. हेरिटेज लाइनवर, म्हणजे हौशी मंडळींनी जपलेल्या जुन्या मार्गावर, तिच्या डब्यात बसून खिडकीतून डोकावता येतं. आणि स्कॉटलंडमध्ये, पर्थ तिकडचंच, ती अजून रोज पॅसेंजर घेऊन पळते. माझं मत आधीच सांगून टाकतो, आत्ता जाणार असाल तर स्कॉटलंड. का ते खाली लिहिलंय, आणि कुणी स्कॉटलंडला जाऊ नये तेही.

आधी ही गाडी एवढी का महत्त्वाची ते थोडक्यात. सत्तरच्या दशकात ब्रिटिश रेल्वेचा सगळा जीव एपीटीवर होता, म्हणजे वळणावर झुकणारी भविष्यातली ट्रेन. एचएसटी ही तोवर वेळ निभावायला केलेली गाडी. एपीटी नीट सेवेत आलीच नाही आणि वेळ निभावायला आलेली ही गाडी चाळीस वर्षांहून जास्त चालली. १९७२ ला प्रोटोटाइप बनला, १२ जून १९७३ ला त्याने नॉर्थॲलर्टन आणि थर्स्कच्या मधे ताशी २३० किमी गाठून डिझेलचा जागतिक विक्रम केला, आणि ऑक्टोबर १९७६ पासून लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून ब्रिस्टल, साउथ वेल्सकडं रोजच्या गाड्या १२५ मैलांनी, म्हणजे ताशी २०१ किमीने धावायला लागल्या. आणि हे सगळं जुन्याच रुळांवर, जुन्याच सिग्नलवर बरं का! ब्रेक असे केले की ताशी १०० मैलांच्या गाड्यांसाठी जे सिग्नलचं अंतर होतं त्यातच ही १२५ वरून थांबायची, आणि एकच जड इंजिन लावून रूळ झोडपण्यापेक्षा दोन्ही टोकांना सुमारे ७० टनांची एकेक पॉवर कार, म्हणजे गाडीचाच भाग असलेलं इंजिन, प्रत्येकी २२५० हॉर्सपॉवर. आपल्याकडं २०१९ मध्ये सीएसएमटी राजधानीला दोन्ही बाजूंना इंजिन लावून कसारा घाटातला बँकर, म्हणजे चढावर मदतीला लावतात ते जादा इंजिन, वाचवला तेव्हा रेलफॅन मंडळी किती खूश झाली होती आठवतंय ना, तर ही गाडी पहिल्यापासूनच तशी.

आता पर्याय. यॉर्क-शिल्डन मी एकत्रच धरतो कारण एका दिवसात दोन्ही होतं, आणि खरं तर दोन्ही मिळूनच मजा आहे. लंडन किंग्ज क्रॉसहून यॉर्क साधारण दोन तास. तिथल्या नॅशनल रेल्वे म्युझियमकडं ४३००२ आहे, प्रॉडक्शनमधल्या १९७ पॉवर कारमधली पहिल्या नंबरची, मूळच्या निळ्या-पिवळ्या रंगात, आणि तिला नाव दिलंय सर केनेथ ग्रेंज. या माणसाला खरं तर फक्त रंगसंगती करायला सांगितलं होतं, त्याने स्वतःहून विंड टनेलमध्ये मॉडेल तपासून तोंडाचा आकारच बदलला, आणि ते उतरतं तोंड म्हणजे एचएसटी अशी ओळखच होऊन गेली. ग्रेंज २०२४ मध्ये गेले. म्युझियममध्ये त्या नाकासमोर उभं राहून बाजूने, खालून, हवं तितका वेळ बघा, चालू प्लॅटफॉर्मवर हे कधीच जमत नाही. मॅलर्डही यॉर्कलाच असते, १९३८ मध्ये ताशी २०३ किमीचा विक्रम केलेलं ते वाफेचं इंजिन. तिने तो वेग उतारावर थोडा वेळ गाठला होता आणि एचएसटी जवळपास तेवढ्याच वेगाने माणसं घेऊन रोज धावायची, हे दोन्ही बघितल्यावर डोक्यात चांगलं बसतं.

मग यॉर्कहून डार्लिंग्टनची फास्ट गाडी पकडा, अर्धा तास लागतो, आणि तुम्ही जाताय तो विक्रमाचाच रूळ आहे. थर्स्क, नॉर्थॲलर्टन खिडकीतून जातात, आणि १ नोव्हेंबर १९८७ ला याच डार्लिंग्टन-यॉर्क पट्ट्यावर एचएसटीने २३८ किमी गाठून स्वतःचाच विक्रम मोडला. डार्लिंग्टनहून छोट्या गाडीने शिल्डन, तिथं लोकोमोशन म्युझियम. त्या दिवशीच्या दोन पॉवर कारपैकी ४३१०२ इथल्या संग्रहात आहे, आणि एपीटी-ई, गॅस टर्बाइनची प्रायोगिक गाडी, जिने १९७५ मध्ये २४५ किमी गाठलं होतं, तीही इथंच. जिच्यावर सगळी स्वप्नं होती ती आणि जिने प्रत्यक्ष काम केलं ती, दोन्ही एका म्युझियममध्ये, मला तरी शिल्डन यॉर्कपेक्षा जास्त आवडतं ते यासाठीच. दोन्हीकडं एंट्री फ्री. मात्र म्युझियमवाले गाड्या इकडून तिकडं हलवत असतात, त्यामुळे निघायच्या आधी दोन्हींच्या साइटवर नंबर बघून घ्या.

उणीव एकच पण मोठी आहे, आवाज नाही. डिझेलचं अर्ध वेड कानातून येतं आणि म्युझियममधलं इंजिन बंद असतं.

हेरिटेज लाइनचा पर्याय इथं पुढं येतो. एचएसटीत मुळात पॅक्समन व्हॅलेंटा इंजिन होतं, त्याच्या टर्बोची ती चिरकी शिटी लांबून ऐकू यायची, जुने स्पॉटर, म्हणजे गाड्या बघून नंबर टिपणारे हौशी लोक, अजून तिच्यासाठी जीव टाकतात. नंतर बहुतेक पॉवर कारमध्ये एमटीयू कंपनीची इंजिनं आली, काहींत पॅक्समनचंच व्हीपी१८५, ती जास्त भरवशाची आणि स्वच्छ, पण ती किंकाळी गेली. नॉटिंगहॅमजवळच्या रडिंग्टनच्या हेरिटेज लाइनवरच्या १२५ ग्रुप या स्वयंसेवकांनी तर प्रोटोटाइपच्या ४१००१ मध्ये व्हॅलेंटा बसवून २०१४ मध्ये तिच्याकडून परत पॅसेंजर गाडी ओढून घेतली, केवढं काम आहे ते! हेरिटेज लाइनवर एचएसटीचे मूळचे मार्क ३ डबे असले तर दाराची काच खाली करता येते, वारा लागतो, स्वयंसेवक मंडळी मनापासून बोलतात, नशीब असेल तर कॅबमध्येही डोकावू देतात. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. अशा लाइनवर वेग बहुतेक ठिकाणी ताशी २५ मैल, म्हणजे १२५ ची गाडी ४० किमीने जाणार. आणि एचएसटी रोज चालत नाही, ठरावीक दिवशी किंवा डिझेल गालाला, म्हणजे डिझेल इंजिनांच्या खास मेळाव्याला चालते, आणि तेव्हाही त्या पॉवर कारमध्ये कुठलं इंजिन आहे ते आधी विचारावं लागतं. तारखा जुळल्या तर सोनं, नाही जुळल्या तर हा पर्याय सोडून द्या, त्याच्यासाठी विमानाचं तिकीट हलवू नका.

इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या डॉलिशबद्दल बरेच जण विचारतात, समुद्राला लागून जाणारा तो रूळ, फोटोंमुळे सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. जागा सुंदरच आहे, पण एचएसटीसाठी आता नको. मे २०१९ मध्ये पॅडिंग्टनच्या लांब गाड्या संपल्या आणि नंतर उरलेल्या चार डब्यांच्या, कॅसल नावाच्या एचएसटीही काढत आणल्या.

आता स्कॉटलंड. स्कॉटरेलने २०१८ पासून इंटर७सिटी नावाने चार-पाच डब्यांच्या एचएसटी चालवल्यात, सात शहरांमधे. ताकद तीच, दोन्ही मिळून ४५०० हॉर्सपॉवर, आणि मागे फक्त चार-पाच डबे, त्यामुळे स्टेशन सोडताना ती असा वेग घेते की बघत राहावं. बसायला जास्तीत जास्त लोक एडिनबरा-ॲबर्डीन सुचवतात, फोर्थ ब्रिज आणि टे ब्रिज दोन्ही मिळतात आणि पुढं समुद्र. मी म्हणेन पर्थ-इन्व्हरनेस घ्या, वाटेत ड्रमॉक्टरच्या खिंडीत रूळ ४५२ मीटरवर चढतो, मुख्य रेल्वेमार्गांवरची ब्रिटनमधली ती सगळ्यात उंच जागा, आणि त्या चढावर दोन्ही पॉवर कार खऱ्या कामाला लागतात. सीट पॉवर कारला लागून असलेल्या डब्यात घ्या, मधल्या डब्यात काहीच ऐकू येत नाही आणि नव्या ऑटोमॅटिक दारांमुळे काच खाली करायची सोयही उरलेली नाही.

या मार्गांवरच स्टोनहेवनजवळ कारमाँटला १२ ऑगस्ट २०२० ला मुसळधार पावसात रुळावर वाहून आलेल्या दगडगोट्यांमुळे एचएसटी घसरली आणि तीन जण गेले, ड्रायव्हर, कंडक्टर आणि एक प्रवासी. सत्तरच्या दशकातल्या डब्यांनी अजून किती वर्षं माणसं न्यायची हा प्रश्न त्यानंतर जोरात आला आणि तो रास्तच आहे. या गाड्यांच्या जागी दुसऱ्या आणायचं ठरलंय. म्हणूनच म्हणतोय की आत्ता स्कॉटलंड, यॉर्कची ४३००२ पाच वर्षांनीही तिथंच असेल.

लहान मुलं किंवा आईबाबा बरोबर असतील, किंवा मुक्काम लंडनलाच असेल, तर मात्र यॉर्क-शिल्डनच करा, लंडनहून पर्थ करून एका दिवसात परत येणं म्हणजे निव्वळ प्रवास होतो. सिडनी-मेलबर्नला राहणाऱ्यांना तर एवढं लांब यायचीही गरज नाही, तिथली १९८२ पासूनची एक्सपीटी एचएसटीवरूनच घेतलीये, तिच्याही जागी नव्या गाड्या येतायत, लवकर बसून घ्या.

एडिनबराला मुक्काम असेल तर पर्थ दीडेक तासावर. ग्लासगो-ॲबर्डीन आणि इन्व्हरनेसच्या, दोन्हीकडच्या गाड्या तिथं मिळतात, म्हणून स्पॉटिंगला पर्थसारखं स्टेशन नाही. सगळ्याच गाड्या एचएसटी नसतात, मधे १७० टर्बोस्टार या दुसऱ्या डिझेल गाड्याही येतात, तेव्हा आदल्या रात्री रिअलटाइम ट्रेन्स या साइटवर बघून ठेवा. वही न्या, एका गाडीत दोन नंबर मिळतात, ४३००२ ते ४३१९८ मधले, आणि पुढचा नंबर लिहिण्याच्या नादात मागचा राहून जातो. ब्रिटनमध्ये प्लॅटफॉर्मवर फोटो काढायला सहसा कुणी हटकत नाही, फक्त फ्लॅश बंद ठेवा आणि पिवळ्या रेषेच्या मागे थांबा. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर मागच्या टोकाला नका उभं राहू, गाडी सुटेल त्या दिशेच्या टोकाला राहा, म्हणजे आख्खी गाडी वेग घेत समोरून जाताना दोन्ही इंजिनं एकामागोमाग ऐकू येतात.