फेरीबोट कुणाच्या तंत्राने? सल्लागार समिती, निवडून दिलेलं मंडळ की गावाची मालकी

गोव्यातल्या दिवाडी किंवा चोडणसारख्या बेटावर फेरीबोटीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "समितीवर गावचा माणूस घ्या." जरूर घ्या. पण कुठली समिती आणि तिच्या हातात काय, हे ठराव लिहिण्याआधी ठरवा. फेरीच्या कारभारात खरे निर्णय तीनच: वेळापत्रक, भाडं आणि कुठल्या मार्गावर कुठली बोट. गावच्या माणसाला यातल्या कशावर बोलता येतं आणि कशावर 'नाही' म्हणता येतं, यातच सगळं आलं.

सल्लागार मंडळ: स्कॉटलंड

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांची बहुतेक फेरीसेवा कॅलमॅक ही सरकारी कंपनी चालवते. बोटी सीमॅल या दुसऱ्या सरकारी कंपनीच्या आणि पैसा सरकारचा. 2017 पासून कॅलमॅकसोबत 'फेरीज कम्युनिटी बोर्ड' आहे, त्यात बेटांवरची माणसं बसतात. त्यांचं म्हणणं ऐकलं जातं, आणि खर्च जवळपास शून्य.

तरीही जून 2023 मध्ये साउथ युइस्टच्या लॉकबॉइसडेल धक्क्यावरची बोट महिनाभरासाठी दुसरीकडे वळवली गेली. ताफा म्हातारा, एक बोट बिघडली की दुसऱ्या बेटाची उचलायची. 2015 मध्ये ऑर्डर दिलेली 'ग्लेन सॅनॉक्स' ही नवी बोट प्रवाशांना घ्यायला लागली ती थेट जानेवारी 2025 मध्ये, यावरून काय ते समजा. 4 जूनला सुमारे 500 लोक आणि 200 गाड्या निषेधाला धक्क्यावर उतरल्या. मंडळ तेव्हाही होतं. बोट थांबवून धरायचा अधिकार मात्र त्याच्याकडे नव्हता.

निवडून दिलेलं मंडळ: कॅस्को बे

अमेरिकेतल्या मेन राज्यात पोर्टलंड शहरासमोर कॅस्को बेमधली बेटं आहेत. तिथली खासगी फेरी कंपनी बुडाल्यावर 1981 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून कॅस्को बे आयलंड ट्रान्झिट डिस्ट्रिक्ट स्थापन केला. बारा संचालकांपैकी दहा बेटांवरच्या मतदारांनी निवडलेले, एक पोर्टलंड शहराचा, एक राज्याच्या वाहतूक खात्याचा. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे छोट्या बेटांना स्वतंत्र जागा आहेत. बहुतेक प्रवासी एकट्या पीक्स बेटाचे. निव्वळ डोकी मोजली असती तर क्लिफसारख्या टोकाच्या बेटाला कुणी विचारलं नसतं.

पण सत्तेबरोबर दुखणीही येतात. पीक्सची जुनी बोट 399 प्रवाशांची, नवी 599 ची करायचं ठरलं तेव्हा बेटावरच वाद पेटला: एवढी मोठी बोट म्हणजे उन्हाळ्यात आणखी पर्यटक. इथे मंत्र्याला शिव्या देऊन भागत नाही, संचालक शेजारच्याच घरात राहतो. हिशेब जुळवायला उन्हाळी भाडं जास्त ठेवावं लागतं, टपालबोटीवर पर्यटकांना फिरवावं लागतं.

गावाची मालकी: ग्लेनेल्ग

स्कॉटलंडचं स्काय बेट आणि समोरच्या किनाऱ्यावरचं ग्लेनेल्ग गाव यांच्यामधली 1969 ची 'ग्लेनाखुलिश' ही बोट 2007 पासून स्थानिकांच्या कंपनीची आहे. एका वेळी सहा गाड्या. धक्क्याला लागली की खलाशी डेक हाताने ढकलून गाड्यांसकट फिरवतात आणि गाड्या उतरवतात. सुंदर प्रकार आहे, पण भुलू नका: ती वसंतापासून ऑक्टोबरपर्यंतच चालते, आणि स्कायला 1995 पासून पूल आहे. रात्री बाळंतीण न्यायची जबाबदारी तिच्यावर नाही.

आपल्याकडे 'सहकारी' शब्द ऐकून फसायला होतं. गेटवे–एलिफंटा मार्गावरची सहकारी संस्था बोटमालकांची आहे, घारापुरीच्या रहिवाशांची नव्हे. तिचं हित चुकीचं नाही, पण वेगळं आहे.

मग गोव्यातल्या बेटाने काय मागावं?

नदी परिवहन खात्याच्या फेरीत पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. नोव्हेंबर 2023 मध्ये दुचाकींना भाडं लावायचा निर्णय झाला आणि ओरड होताच मागे घेतला गेला. म्हणजे आज आपलं प्रतिनिधित्व आहे ते ओरडण्यातून. भाड्यापुरतं ते चालतं, कारण मतांची भीती असते. शेवटची फेरी अर्धा तास अलीकडे आली तर तेवढी ओरड होत नाही, आणि रोजचा त्रास तिथेच असतो.

मालकी मागू नका. डिझेल, ड्राय-डॉक (बोट पाण्याबाहेर काढून दुरुस्ती) आणि खलाशांचे पगार पंचायतीच्या गळ्यात पडतील. कॅस्को बेसारखं मंडळ हवं असेल तर कायदा लागेल आणि भाडं द्यायची तयारीही. ती नसेल तर खातं राहू दे, पण नुसता सल्ला नको. ठरावात एवढं लिहून घ्या: वेळापत्रकातला बदल आणि बोट दुसऱ्या मार्गावर हलवणं समितीच्या लेखी संमतीशिवाय नाही, तातडीचा बिघाड सोडून, फेऱ्या रद्द झाल्याची नोंद दर महिन्याला धक्क्यावर लावायची, आणि समितीवरची माणसं ग्रामसभा निवडेल, आमदार नेमणार नाहीत.