मुठीची ताकद मोजायचं डिजिटल मीटर: हाताच्या नसेला मार बसल्यावर वापरलेलं

गाडीवरून पडून उजव्या दंडाचं हाड मोडलं, प्लेट बसली. सोबत रेडियल नर्व्हही दुखावली आणि मनगट लुळं पडलं. ही नस दंडाच्या हाडाला लगटूनच वळसा घेते, त्यामुळे तिथं हाड मोडलं की ती सापडते. बहुतेकांची आपोआप सावरते, पण वाढ दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. मी शिरोली एमआयडीसीत लेथवर असतो. मिलिमीटर आमच्याकडं ढोबळ माप समजतात, इथं मात्र त्याच्यासाठी एकेक दिवस थांबायचं. प्रगती आकड्यात दिसावी म्हणून दोन हजारांच्या आतलं हे मीटर मागवलं.

आल्या आल्या आधी मीटरच तपासलं. मार्केट यार्डात मित्राची गुळाची अडत आहे. तिथली लोखंडी वजनं दांड्याला टांगून पाहिली. दहा किलोला ९.८, वीसला १९.७. एवढ्या किमतीत लय भारी! आकडा खरा किती यापेक्षा तोच तोच येतो का, हे मला महत्त्वाचं, आणि तिथं हे पास झालं.

पण खरी गंमत पुढं आहे. मूठ आवळणारे स्नायू रेडियल नर्व्हवर नसतात, ते मीडियन आणि अल्नर या नसांवर चालतात. म्हणजे माझी पकड शाबूत हवी होती. मीटर दाखवायचं ६ किलो. फिजिओ मॅडमनी मनगटाला पट्टा बांधून ते थोडं वर उचलून धरलं आणि म्हणाल्या, "आता दाबा बघू." १९! त्याच मिनिटाला, तोच हात. मनगट खाली पडलेलं असलं की बोटांच्या दोऱ्या सैल पडतात, मग ताकद असूनही लागत नाही. तेव्हापासून वहीत प्रत्येक आकड्यापुढं 'पट्ट्यासह' किंवा 'पट्ट्याविना' लिहितो. नसेची खबर पट्ट्याविनाच्या आकड्यात असते, आणि तीही आडून.

सरळ खबर मॅडमच्या हातात. त्या ० ते ५ गुण देतात. ही ब्रिटिश पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून चालत आली आहे. नुसता स्नायू फडफडला तर १, हात आडवा टेकवून हालचाल झाली तर २, हाताच्या स्वतःच्याच वजनाविरुद्ध मनगट उचललं तर ३, वरून थोडं दाबलं तरी टिकलं तर ४. माझं मनगट २ वरून ३ वर आलं तो दिवस घरात सणासारखा गेला. मग ४ वर आलं ते तिथंच बसलं. ४ हा गुण म्हणजे भलताच लांब जिना आहे, पायथ्याशी असलेलाही ४ आणि वर पोचत आलेलाही ४. तिथं मॅडम हातात मावणारं दुसरं यंत्र काढतात, ते हाताच्या पाठीवर टेकवतात आणि मी वर ढकलायचं. गुण तोच राहिला, किलो मात्र वाढत गेले. घरच्या मीटरला हे जमत नाही.

मोजायची रीतही पाळावी लागते: पाठ टेकून खुर्चीत, दंड अंगाला लागून, कोपर काटकोनात, अंगठा वर. थोडा थोडा दम घेऊन तीनदा दाबायचं आणि सरासरी धरायची. आठवड्यातून एकदा पुरे. रोज मोजलं की आकडा खाली-वर होतो आणि उगाच जीव जळतो.

तक्रारी आहेत. बॅटरीचं झाकण पहिल्याच महिन्यात ढिलं झालं, आता चिकटपट्टीवर आहे. दुसरं म्हणजे, वय घातलं की आकड्याखाली 'वीक' असं झळकतं. अरे बाबा, माहीत आहे! माझी तुलना माझ्याच डाव्या हाताशी, तिथं ४१ येतात. उजव्या हाताच्या माणसाचा उजवा साधारण दहा टक्के सरस धरतात, म्हणजे माझं ठिकाण ४५ च्या आसपास. आज पट्ट्याविना ३३. तिसरी तक्रार मीटरची नाही, कोल्हापूरची आहे. घरी येणारा प्रत्येकजण "आण इकडं, बघू" म्हणून दाबून जातो. गल्लीतल्या तालमीतल्या एकानं ६८ काढून चहा मागितला.

घ्यावं का? हाड जुळलंय आणि डॉक्टरांनी जोर लावायला परवानगी दिलीय, तर जरूर. गुण ० ते २ मध्ये असतील तर थांबा, तेव्हा या मीटरला दाखवण्यासारखं काही नसतं. दांड्याचं अंतर कमी-जास्त करता येणारंच घ्या आणि ते कुठं लावलंय त्याची खूण करून ठेवा. अंगठ्यासाठी मात्र याचा उपयोग शून्य. अंगठा वर उचलणारी दोरी सगळ्यात शेवटी जागी होते. तळवा टेबलावर सपाट ठेवून अंगठा वर उचलून बघायचा. माझा आत्ता कुठं सुटायला लागलाय.