वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह सेंटर: आम्ही दोन महिने उशिरा गेलो

स्टार पाचपैकी पाच. हे पुण्यातल्या वारज्याचं सेंटर, जिथे आजार बरा करण्यापेक्षा पेशंटचं दुखणं आणि त्रास कमी करण्यावर भर असतो (पॅलिएटिव्ह म्हणजे तेच). पण यात सेंटरपेक्षा आमच्या घरातला घोळच जास्त आहे, आधीच सांगून ठेवतो.

अण्णा 81 वर्षांचे, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलेला. ट्रीटमेंट एका प्रायव्हेट हॉस्पिटलात (नाव नको). चार महिन्यांत पाच वेळा अ‍ॅडमिट, पहिल्यांदा स्वतः रिक्षात बसून गेले होते आणि पाचव्यांदा अँब्युलन्समधून आले. पुढच्या केमोचं एस्टिमेट हातात पडलं तेव्हा मी विचारलं की याने यांचं दुखणं कमी होईल का, तर म्हणे "बघू, रिस्पॉन्स कसा येतो ते." तिथेच समजायला हवं होतं. जेवण दोन चमचे वरणभातावर आलेलं, दिवसातले पंधरा-सोळा तास झोप, बाथरूमला न्यायला दोन माणसं, आणि अण्णा स्वतः दोनदा म्हणाले होते "आता पुरे रे". आम्ही म्हटलं डिप्रेशन आलंय. आत्याचं तर एकच पालुपद, तिकडे नेलं म्हणजे तुम्ही हात टेकले, लोक काय म्हणतील. त्यात दोन महिने गेले.

शेवटी वारज्याला नेलं. 1997 पासून चालू आहे, कॅन्सरच्या पेशंटसाठी, आणि पैसे घेत नाहीत, म्हणजे खरंच नाही, मी दोनदा विचारलं. घरचं एक माणूस सोबत राहायचं असतं, बहीण आणि मी आलटून पालटून राहिलो. पहिल्या दिवशी सिस्टरनी विचारलं, "आजोबा, रुपयात मोजायचं तर किती आणे दुखतंय?" (हे त्यांनी मुद्दाम अण्णांच्या वयाला धरून विचारलं असणार.) अण्णा म्हणाले, "सोळा आणे." मग मॉर्फिनची गोळी सुरू केली, दर चार तासांनी, दुखो न दुखो, घड्याळ लावून. मी घाबरलो, मॉर्फिन म्हणजे शेवटचं असं डोक्यात होतं, शिवाय सवय लागली तर? 81 वर्षांच्या माणसाला सवय लागेल म्हणून मी काळजी करत होतो, बोला आता. डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या आणि अर्धा तास समजावलं, कॅन्सरच्या दुखण्याला नीट डोस दिला तर व्यसन लागत नाही, कमीपासून सुरू करून बघत बघत वाढवतात. तिसऱ्या दिवशी सिस्टरनी परत विचारलं, उत्तर आलं "चार आणे", आणि त्या रात्री अण्णा डाव्या कुशीवर झोपले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. घोरत होते, बहीण बाहेर पॅसेजमध्ये जाऊन रडली.

आणि हे वन-वे तिकीट नाही बरं का. अकरा दिवसांनी आम्ही घरी आलो, गोळ्या घेऊन, जखम पुसायची कशी, कूस बदलायची कशी हे सगळं शिकून. अण्णा पुढे पाच आठवडे होते, घरीच, स्वतःच्या पलंगावर.

कधी जायचं असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, डॉक्टरांना "किती दिवस" विचारू नका, "या ट्रीटमेंटने ते दिवस कसे जातील" ते विचारा, आणि उत्तर गोलगोल आलं तर फाईल उचला. ट्रीटमेंट चालू असतानाही जाता येतं, सगळं संपल्यावरच जायचं असं काही नाही, हे आम्हाला तिथे जाऊन कळलं.

जाताना बायॉप्सीसकट सगळे रिपोर्ट न्या. घरी आल्यावर मॉर्फिन कुठे मिळणार ते डिस्चार्जच्या आधीच विचारून घ्या, 2014 ला अमली पदार्थांचा कायदा बदलून औषध म्हणून मॉर्फिन मिळणं सोपं केलं तरी कोपऱ्यावरचा केमिस्ट नाव ऐकूनच हात वर करतो. आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध देतात ते अजिबात सोडू नका. आम्ही दोन दिवस विसरलो, तिसऱ्या दिवशी अण्णांनी आम्हाला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.